खाचरातून विद्यापीठाकडे : कबड्डीच्या संस्थेची वाटचाल

महाडहून रायगडाकडे जाणारा रस्ता नाते गावातून जातो. भातकापणी उरकली, मळण्या झाल्या, की या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या वाड्यांतून मैदानाची तयारी सुरू होते. एखादे रिकामे खाचर निवडले जाते. ढेकळे फोडायची, कापलेल्या भाताचे सड काढायचे, पाणी मारून माती चोपायची, खडे वेचायचे आणि फक्कीने रेषा मारायच्या, ही सगळी कामे गावातली पोरेच करतात. दिवाळीनंतर सुरू झालेला हा मोसम शिमग्यापर्यंत रंगतो आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले की पुन्हा उसळी घेतो. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत कबड्डी कुणी शिकवावी लागत नाही. ती चालता येऊ लागल्यापासून अंगात असते.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा तर एक इमारत, एक स्थापनादिन आणि एक कार्यकारिणी डोळ्यांपुढे येते. कबड्डीच्या संस्थेचा इतिहास असा एका छपराखाली मावत नाही. वाडीतले मंडळ, तालुका आणि जिल्हा पातळीवरची संघटना, राज्य असोसिएशन, राष्ट्रीय फेडरेशन, शाळा-महाविद्यालयांचे जिमखाने आणि विद्यापीठांचे क्रीडा मंडळ अशी सगळी मिळून ही संस्था उभी आहे. या साऱ्यांनी गेल्या शंभर वर्षांत एकच काम केले. त्यांनी एका रांगड्या खेळाला एकेक पायरी वर चढवले. खेळाडू वर चढतो तो स्वतःच्या दमावर, पण पायरी संस्थेला बांधावी लागते. आपल्या भागात दमाची वाण कधीच नव्हती. पायऱ्या कुणी, कधी आणि कशा बांधल्या आणि कुठली पायरी अजून कच्ची आहे, हे नोंदवून ठेवणे हा या लेखाचा हेतू आहे.

नियम आले आणि खेळ एक झाला

शंभर वर्षांपूर्वी कबड्डी, म्हणजे तेव्हाचा हुतूतू, महाराष्ट्रभर खेळला जात होता, पण तो एक खेळ नव्हता. संजीवनी प्रकारात समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा मैदानात येई. दुसऱ्या एका प्रकारात बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडत नसे, फक्त गुण मोजला जाई. मैदानाची लांबी-रुंदी, संघातल्या गड्यांची संख्या, दम कुठे सुरू करायचा आणि कुठे सुटला असे मानायचे, हे सारे गावागणिक बदले. अशा वेळी दोन गावांचा सामना म्हणजे आधी नियमांवर वाद आणि मग खेळ.

१९२१ साली महाराष्ट्रात या प्रकारांचा मेळ घालून नियमांचा एक आराखडा तयार झाला. १९२३ मध्ये एका समितीने त्यात दुरुस्त्या केल्या आणि त्याच वर्षी बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याच्या स्पर्धेत ते नियम वापरले गेले. १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना आणखी पक्के रूप दिले. ही कामे करणारी माणसे बहुतेक शिक्षक आणि व्यायामशाळांचे कार्यकर्ते होती. त्यांना मानधन नव्हते, की वर्तमानपत्रात छायाचित्र नव्हते. पण साताऱ्याचा गडी आणि महाडचा गडी एकाच नियमाने बाद ठरेल, हे त्यांनी घडवून आणले. कबड्डीची पहिली पायरी हीच. खेळ सगळीकडे सारखा झाल्याखेरीज वरचा गट आणि खालचा गट असा भेदच करता येत नाही.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांसोबत कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. १९१४ साली वैद्य बंधूंनी वऱ्हाडात सुरू केलेली ही संस्था. तिथल्या तरुणांनी हा देशी खेळ जगापुढे मांडला. पुढे १९३८ मध्ये कलकत्त्याला झालेल्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला. मातीतला खेळ देशाच्या क्रीडास्पर्धांच्या यादीत आला.

फेडरेशन आणि राष्ट्रीय स्पर्धा

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी फेडरेशन स्थापन झाले. १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची. महिलांच्या या तारखेकडे आपण नीट पाहिले पाहिजे. पुरुषांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेनंतर अवघ्या तीन वर्षांनी देशातल्या मुली राष्ट्रीय पातळीवर दम घुमवत होत्या. मुलींनी मैदानात उतरावे की नाही, यावर आजही काही घरांत चर्चा होते. त्या घरांना हे वर्ष सांगायला हवे.

फेडरेशन झाले आणि राज्यांचे संघ झाले. राज्याचा संघ निवडायचा तर जिल्ह्याचे संघ हवेत, जिल्ह्याचा निवडायचा तर तालुक्यातली मंडळे नोंदलेली हवीत. वरून सुरू झालेली ही गरज हळूहळू आपल्या वाडीपर्यंत पोचली. ग्रामदेवतेच्या नावाने खेळणारा संघ संघटनेकडे नाव नोंदवू लागला, खेळाडूच्या वयाचा दाखला मागितला जाऊ लागला, पंचांसाठी परीक्षा आली आणि गुणपत्रक भरले जाऊ लागले. आपल्याकडे अनेकांना ही कारकुनी वाटे. पण याच कागदांमुळे नात्याजवळच्या वाडीतला पोरगा जिल्ह्याच्या निवड चाचणीत नाव सांगू शकला.

महाराष्ट्रातून हे काम देशपातळीवर आणि पुढे आशियापर्यंत नेण्यात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा सिंहाचा वाटा आहे. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यातले कबड्डीप्रेमी कबड्डी दिन म्हणून साजरा करतात. मैदान गाजवणाऱ्या खेळाडूंची नावे लोकांच्या ओठांवर असतात. संघटकाच्या नावाने दिन साजरा करणारा खेळ विरळा. कबड्डीला आपली पायरी कुणी बांधली याची जाण आहे, हे त्यातून दिसते.

१९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघ अस्तित्वात आला आणि त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार महाराष्ट्राच्या सदानंद शेट्ये यांना मिळाला. पुढे शकुंतला खटावकर, शांताराम जाधव, अशोक शिंदे अशा मराठी खेळाडूंनी ही परंपरा चालवली.

१९६१ : महाविद्यालयाच्या दारात

आपल्या भागाच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वर्ष १९६१ आहे. त्या वर्षी भारतीय विद्यापीठांच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने कबड्डीला आपल्या खेळांत स्थान दिले. त्याच वर्षी ७ मे रोजी पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली, आणि १९७१ मध्ये तिथल्या प्रशिक्षक पदविकेत कबड्डी आली. मधल्या १९६२ मध्ये शालेय क्रीडा महासंघाने कबड्डीचा समावेश केला. म्हणजे दहा वर्षांत शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ आणि प्रशिक्षक अशी सलग वाट तयार झाली.

याच १९६१ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय सुरू केले. त्याआधी या भागातल्या मुलाला पदवी घ्यायची तर मुंबई-पुण्यासारखे दूरचे शहर गाठावे लागे. आणि १९५६ ते १९६१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद सांभाळत होते ते चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी आपल्या नात्यात झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या या माणसाने मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले आणि नंतर उच्च शिक्षणाची धुरा उचलली. लहान गावांतल्या मुलांपर्यंत महाविद्यालय पोचावे यासाठी देशभर जी बांधणी झाली, तिच्या पहिल्या वर्षांत नात्याचा सुपुत्र त्या कामाच्या मध्यभागी होता. आपल्या गावासाठी ही अभिमानाची गोष्ट आहे, तशीच ती जबाबदारीचीही आहे.

विद्यापीठाच्या यादीत येण्याने नेमके काय बदलले? खेळ यादीत नसेल तर महाविद्यालयाचा जिमखाना त्याचा संघ पाठवू शकत नाही. संघ नाही तर गणवेश नाही, प्रवासखर्च नाही, परीक्षेच्या काळात हजेरीची सवलत नाही आणि प्रमाणपत्रही नाही. गावात सातजणांना लोळवणारा मुलगा महाविद्यालयात गेला की त्याचा खेळ तिथेच थांबायचा. यादीत नाव आल्यावर तोच मुलगा महाविद्यालयाचा खेळाडू झाला. त्याच्या दमाला एक कागद मिळाला, आणि त्या कागदावर पुढे नोकरीच्या अर्जात लिहिण्याजोगे काहीतरी आले. आज राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. याची सुरुवात यादीत नाव येण्यापासून झाली.

स्पर्शाचा खेळ आणि महाडचे मैदान

महाडच्या महाविद्यालयाचे नाव घेतले की २० मार्च १९२७ चा दिवस आठवल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांना सोबत घेऊन चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. या गावाने माणसाला स्पर्श नाकारणारी व्यवस्था पाहिली आणि तिच्या विरोधात उभा राहिलेला लढाही पाहिला.

कबड्डी हा सगळा स्पर्शाचाच खेळ आहे. चढाईपटूच्या बोटाचे टोक लागले की गुण मिळतो. बचाव करणारे एकमेकांचे हात धरून साखळी करतात, आणि हात घट्ट धरला नाही तर साखळी तुटते. घोटा धरणारा, कंबर धरणारा, खांद्याने अडवणारा असे चौघे-पाचजण एका देहावर कोसळतात आणि मातीत लोळतात. जो गडी शेजाऱ्याचा हात धरायला कचरतो त्याला या खेळात जागा नाही. त्यामुळे महाविद्यालयाच्या संघात वेगवेगळ्या वाड्यांतली, वेगवेगळ्या समाजांतली पोरे एका साखळीत उभी राहतात, तेव्हा ती नुसती कवायत राहत नाही. गावोगावच्या संघांत पूर्वी वाडी आणि भावकीप्रमाणे गडी घेतले जात. महाविद्यालयाच्या संघात निवड होते ती चढाई आणि पकड पाहून. वरच्या पातळीवर जाण्याचा हा सर्वांत मोठा लाभ आहे, असे मला मनापासून वाटते.

गिरणगावाचा हात

या वाटचालीत मुंबईचा वाटा सांगितला नाही तर इतिहास अपुरा राहील. महाड-पोलादपूरच्या घरटी एक तरी माणूस मुंबईला असे. लालबाग, परळ, प्रभादेवी या भागातल्या चाळींत कोकणातली पोरे गिरणीची पाळी संपवून व्यायामशाळेच्या मैदानात उतरत. मुंबईच्या स्थानिक कबड्डीत संघांना श्रेणी असतात. खालच्या श्रेणीत चमकलेला संघ वरच्या श्रेणीत जातो. वर जायचे म्हणजे वर्षभर तोच संघ टिकवायचा, प्रत्येक सामन्याला वेळेवर हजर राहायचे आणि नियमभंगाची शिक्षा निमूट मान्य करायची, ही शिस्त गावाकडच्या खेळाडूंनी तिथे घेतली.

पुढे रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या, बँका आणि महिंद्रसारखे उद्योग यांनी कबड्डीचे व्यावसायिक संघ उभारले. चांगल्या चढाईपटूला नोकरी मिळू लागली. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटले, घरे उपनगरांत गेली आणि चाळीतली मैदाने आकसली. पण चाकरमान्यांचा गावाशी धागा तुटला नाही. मे महिन्याच्या स्पर्धांची वर्गणी, चषक, रात्रीच्या सामन्यांचे दिवे, मुंबईहून आणलेले पंच, हे सगळे त्यांच्यामुळेच होत आले. गावाच्या मंडळाला मुंबई मंडळाची जोड असणे ही आपल्या भागाची जुनी रीत आहे, आणि कबड्डीला तिचा मोठा आधार मिळाला.

एक चढाई, जवळून

ज्यांना वरची पातळी म्हणजे काय हे समजून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी एकाच चढाईकडे जवळून पाहू.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सात गडी. चढाईला ३० सेकंद. गावच्या मैदानात आपला गडी दम घेतो, झेप घेतो आणि एका दणक्यात काय ते करून परततो. प्रेक्षकांनाही तेच हवे असते. विद्यापीठाच्या मैदानावर समोरचा कोपरारक्षक त्याच्या मागच्या पायाकडे पाहत असतो. चढाईपटूने निदान रेषा ओलांडली नाही आणि कुणाला शिवलेही नाही, तर तो स्वतः बाद होतो. बोनस घ्यायचा तर समोर किमान सहा गडी असावे लागतात, एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकायचा आणि दुसरा हवेत ठेवायचा. त्याच क्षणी कोपरारक्षक घोट्याला हात घालतो आणि मधले दोघे वाट अडवतात. गुण मिळाला की पाय अडकला, हे एका क्षणात ठरते.

आता त्यात घड्याळ धरा. वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटे विश्रांती. तीन गुणांनी पुढे असलेला संघ शेवटच्या दोन मिनिटांत धोका पत्करत नाही. मागे असलेल्याला लोण चढवायचे, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद करायचा असतो, कारण लोणाचे दोन गुण जास्तीचे मिळतात. कुठल्या गड्याला बाद होऊ द्यायचे आणि कुणाला जीवदान मिळवून मैदानात परत आणायचे, याचा हिशोब सतत डोक्यात चालू ठेवावा लागतो. आपल्याकडची पोरे ताकदीत आणि चपळाईत कुणाला हार जात नाहीत. ती मागे पडतात या हिशोबात. हिशोब शिकायला प्रशिक्षक लागतो, रोजचा सराव लागतो आणि बरोबरीचा प्रतिस्पर्धी लागतो. ही तीन साधने वर्षभर पुरवणे हे संस्थेचे काम आहे.

आशिया, पनवेल आणि प्रो कबड्डी

१९८० मध्ये कलकत्त्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत प्रात्यक्षिक झाले आणि १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी पदकाचा खेळ झाला. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्ण भारताचे होते. २०१० मध्ये ग्वांगझूला महिलांची कबड्डीही आली. २०१८ मध्ये जकार्ताला इराणने भारताच्या पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम फेरीत हरवले. आपला खेळ म्हणून कुणी आपल्याला पदक बहाल करत नाही, हे त्या वर्षाने शिकवले. २०२३ मध्ये हांगझूला दोन्ही सुवर्णपदके परत आली.

रायगड जिल्ह्याच्या इतिहासात एक नोंद ठळक करायला हवी. २००४ ची पहिली विश्वचषक स्पर्धा मुंबईला झाली, आणि २००७ ची दुसरी आपल्याच जिल्ह्यातल्या पनवेलला. दोन्ही वेळा भारताने अंतिम सामन्यात इराणला हरवले. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या.

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू १२ लाख ८० हजारांना गेला होता. चारच वर्षांत बोली एक कोटीच्या पुढे गेली. २०१८ मध्ये महाराष्ट्राने सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, तेव्हा संघाचा कर्णधार रिशांक देवाडिगा होता. त्याच वर्षीच्या लिलावात त्याच्यावर १ कोटी ११ लाखांची बोली लागली. पुढच्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईसाठी १ कोटी ४५ लाख मोजले गेले. चंदगडही आपल्यासारखाच डोंगराचा, पावसाचा आणि भाताचा मुलूख आहे. तिथला मुलगा तिथवर जातो, हे आपल्या मुलांनी मनात धरण्यासारखे आहे.

आजची पायरी

आज आपल्या मुलापुढे वाट कशी आहे? कनिष्ठ महाविद्यालयात असेल तर तो १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य असा चढतो. पदवीला महाडला किंवा पोलादपूरच्या सुंदरराव मोरे महाविद्यालयात असेल, तर मुंबई विद्यापीठाच्या कोकण विभागातून आंतरविभागीय फेरीत आणि तिथून विद्यापीठाच्या संघात जातो. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांशी खेळतो. तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेत जातात, आणि २०२० पासून त्यापुढे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा आहे. वाट पूर्ण आहे. प्रश्न आहे तो पहिल्या दोन टप्प्यांचा.

पहिली अडचण पावसाची. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धा पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा खाचरांत भात उभे असते आणि सावित्री-गांधारी दुथडी भरून वाहतात. आपला मोसम सुरू होतो भातकापणीनंतर. म्हणजे निवड चाचणीच्या वेळी आपला खेळाडू सरावाविना असतो, आणि तो रंगात येतो तेव्हा विद्यापीठाचा संघ निवडून झालेला असतो. मुंबई-ठाण्याच्या मुलांना छपराखालची मैदाने आहेत. हा फरक अंगातल्या कसाचा नाही, छपराचा आहे.

दुसरी अडचण मॅटची. वरच्या पातळीवरची कबड्डी आता मॅटवर, बूट घालून खेळली जाते. मातीत अनवाणी खेळणारा पाय मॅटवर वेगळा पडतो. वळताना गुडघ्यावर वेगळा ताण येतो, घसरण कमी असल्याने पकडीतून निसटण्याची जुनी युक्ती चालत नाही. मातीवर वाढलेल्या मुलाला मॅटची सवय व्हायला काही महिने लागतात. निवड चाचणीच्या दिवशी तो पहिल्यांदा मॅटवर उभा राहिला, तर त्याच्या खेळाला न्याय मिळत नाही.

तिसरी अडचण अंतराची. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग इथून शंभरावर किलोमीटर, विद्यापीठ त्याहून लांब. मुलांचे कसेबसे जमते. मुलींच्या बाबतीत सोबतीला शिक्षिका नाही, मुक्कामाची सोय नाही, म्हणून घरचे पाठवत नाहीत, आणि चांगल्या चढाईपटू मुली बारावीनंतर मैदानाबाहेर जातात. १९५५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर पोचलेला महिलांचा खेळ आपल्या तालुक्यात बसच्या वेळापत्रकापाशी अडतो, हे आपण बदलले पाहिजे.

आता आपल्या हातात काय

नियम लिहिणाऱ्यांनी, फेडरेशन उभारणाऱ्यांनी, विद्यापीठाच्या यादीत खेळ नेणाऱ्यांनी आणि मुंबईतून वर्गणी पाठवणाऱ्यांनी आपापली पायरी बांधली. आपल्या वाट्याला आलेले काम त्या मानाने लहान आहे.

तालुक्यात एका तरी ठिकाणी छपराखाली मॅट हवी. महाविद्यालय, पंचायत समिती, औद्योगिक वसाहतीतले कारखाने आणि मुंबईची मंडळे यांनी मिळून मनावर घेतले तर ते होण्यासारखे आहे. एका मोठ्या स्पर्धेच्या रोख बक्षिसांतला काही भाग दरवर्षी बाजूला काढला तरी सुरुवात होईल. पदविकाधारक प्रशिक्षक पावसाळ्याच्या तीन महिन्यांसाठी बोलावता येईल. गावोगावच्या मंडळांनी आपल्या मे महिन्याच्या स्पर्धांत महाविद्यालयीन गट ठेवावा, मुलींचे सामने उद्घाटनापुरते न ठेवता पूर्ण गट म्हणून घ्यावेत, आणि प्रत्येक सामन्याचे गुणपत्रक जपून ठेवावे. आपल्याकडच्या कित्येक उत्तम खेळाडूंच्या पराक्रमाची आज एक ओळही लिहिलेली सापडत नाही, कारण तो लिहून ठेवावा असे कुणाला वाटले नाही. पंच परीक्षेला आपल्या भागातून जास्त मुले-मुली बसायला हवीत. खेळण्याचे वय सरले तरी खेळाची सेवा सुरू ठेवता येते, आणि नियमांची जाण गावात राहते.

या भागाने देशाला मोठी माणसे दिली. पोलादपूरच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची स्मृती आहे, नात्यात चिंतामणराव जन्मले. मोठेपणाची परंपरा सांगणे सोपे असते, ती चालवायला रोज संध्याकाळी मैदानात उभे राहावे लागते. संस्था म्हणजे असे रोज उभे राहणारी माणसे. आपण ते काम अंगावर घेतले, तर पुढच्या काही वर्षांत मुंबई विद्यापीठाच्या मुलांच्या आणि मुलींच्या संघयादीत नाते, बिरवाडी किंवा पोलादपूरच्या वाडीतले नाव दिसेल. हे उद्दिष्ट मी या स्मरणिकेत सर्वांच्या साक्षीने नोंदवतो, आणि त्याचा हिशोब पुढच्या स्मरणिकेत मांडला जावा अशी विनंती करतो.